गुणवत्ता, नागरिकत्व आणि बंधुता

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत बडोदे येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



महोत्सव समितीने विषय विचारला तेव्हा मी 'विद्यापीठातील विद्यार्थी आणि गुणवत्तेची कल्पना' असे कळवले होते. निमंत्रणपत्रिकेत त्याचे 'गुणवत्तेची कास धरा' असे झाले. छापणाऱ्याचा दोष नाही. गुणवत्ता हा शब्द दिसला की पुढे उपदेश येणार, हे आपण सर्वांनीच गृहीत धरलेले असते. आज उपदेश करायचा नाही. पस्तीस वर्षे पदव्युत्तर वर्गांना समाजशास्त्र शिकवताना या एका शब्दाने मला जे कोड्यात टाकले, ते आपल्यापुढे मांडावे एवढाच हेतू आहे.

सभागृहात येताना जिन्याजवळचा काळा फलक पुन्हा पाहिला. शालान्त परीक्षेत शाळेतून पहिल्या आलेल्यांची नावे त्यावर पांढऱ्या अक्षरांत आहेत. १९७४ सालासमोर, म्हणजे जुन्या अकरावीच्या काळात, माझे नाव आहे. फलकाला नवा रंग दिलेला दिसतो; माझ्या नावातली चुकलेली वेलांटी मात्र पन्नास वर्षांत कोणी दुरुस्त केलेली नाही. त्या फलकाकडे मी शेवटी परत येणार आहे. कारण त्यावरच्या माझ्या नावात एक हिशेब अपुरा राहिलेला आहे.

मराठीत 'गुण' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. परीक्षेत मिळतात तेही गुण आणि माणसाच्या अंगी असतात तेही गुण. आपल्या शेजारच्या गुजरातीतही तसेच. त्यामुळे उत्तरपत्रिकेतल्या आकड्यावरून माणसाच्या योग्यतेकडे आपण इतक्या सहज सरकतो की मध्ये एक पायरी होती हे लक्षातही येत नाही. ज्याला गुण कमी, तो गुणाने कमी, हे वाक्य कोणी मोठ्याने उच्चारत नाही. पण निकालाच्या दिवशी पुष्कळ घरांतून ते ऐकू येते.

दरवर्षी पहिल्या आठवड्यात मी नव्या वर्गाला एक प्रश्न विचारत असे. तुम्हाला ही जागा मिळाली, त्यात तुमच्याखेरीज आणखी कोणाकोणाचा वाटा आहे? उत्तरे मोकळेपणाने येत. आई पहाटे उठवायची, मोठ्या भावाने आपले शिक्षण थांबवले, गावातल्या एका गुरुजींनी पैसे न घेता शिकवले. काही मुलींचे डोळे भरून येत. मग मी दुसरा प्रश्न विचारीत असे. ज्याला ही जागा मिळाली नाही, त्याचे काय झाले असेल? वर्ग थोडा वेळ गप्प राही. मग कोणीतरी म्हणे, "त्याने मेहनत कमी केली असेल, सर." हे 'असेल' मला नेहमी खटकले. आपल्या यशाचा हिशेब मांडताना ही मुले आई, भाऊ, गुरुजी या सर्वांना जमेच्या बाजूला प्रामाणिकपणे मांडत होती. दुसऱ्याच्या अपयशाचा हिशेब आला की खर्चाच्या बाजूला एकच नाव उरे, त्याचे स्वतःचे. त्याची आई, त्याचा भाऊ, त्याला न मिळालेले गुरुजी, यांपैकी कोणीच त्या पानावर नसे. आणि हा प्रश्न निघाला की मागच्या बाकांवरची काही मुले वहीत मान घालून बसत. थोड्याच वेळात बोलणे आपल्यावर येणार, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असे.

हे केवळ आपल्या देशातल्या मुलांचे म्हणावे, तर तसे नाही. 'गुणवत्तेचे राज्य' अशा अर्थाचा जो इंग्रजी शब्द आज जगभर आदराने वापरला जातो, तो मायकेल यंग या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाच्या १९५८ मधल्या पुस्तकामुळे रूढ झाला. ते पुस्तक उपहासिका होते. बुद्ध्यंक अधिक प्रयत्न बरोबर योग्यता, असे समीकरण मांडणारा समाज २०३४ पर्यंत कुठे जाऊन पोहोचेल याची ती कल्पना होती. जिंकलेले उन्मत्त होतात, हरलेल्यांजवळ हरल्याचे कारण सांगायलाही तोंड उरत नाही, आणि शेवटी दंगल उसळते. पुढे राजकारण्यांनी हाच शब्द ध्येय म्हणून उचलला. मृत्यूपूर्वी काही महिने, २००१ मध्ये, यंग यांना वर्तमानपत्रात लेख लिहून आपला मूळ हेतू पुन्हा सांगावा लागला. उपहास इतका यशस्वी झाला की तो कोणाला कळलाच नाही.

मला अधिक विचारात टाकले ते दक्षिण कोरियाने. तिथे नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा होते. त्या दिवशी कचेऱ्या उशिरा उघडतात, उशीर झालेल्या परीक्षार्थींना पोलीस गाडीतून केंद्रावर पोहोचवतात, आणि इंग्रजीच्या श्रवणपरीक्षेच्या वेळी देशभर विमानांचे उतरणे-उडणे थांबवले जाते. परीक्षेपुढे आकाश थांबवणारा हा समाज. इथल्या तरुणांच्या बोलीत 'सोन्याचा चमचा' आणि 'मातीचा चमचा' असे शब्द आहेत. म्हणजे जन्माने काय मिळते आणि काय हुकते हे त्यांना नीट माहीत आहे. तरीही परीक्षेवरचा त्यांचा विश्वास ढळत नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात सोलमधल्या इह्वा महिला विद्यापीठाच्या विद्यार्थिनींनी मुख्य इमारतीचा ताबा घेतला. कारण काय? शाळेनंतर थेट नोकरीला लागलेल्या स्त्रियांसाठी वेगळे महाविद्यालय काढण्याची विद्यापीठाची योजना होती. विद्यार्थिनींचे म्हणणे, हा पदव्यांचा व्यापार आहे आणि आम्हाला न विचारता तो ठरवला आहे. न विचारल्याची तक्रार रास्त होती. परंतु आमच्या पदवीचे मोल कमी होईल, ही भीतीही त्यात मिसळलेली होती. ऑगस्टच्या सुरुवातीस योजना मागे घेतली गेली. मात्र आंदोलन थांबले नाही, आणि शरद ऋतूत त्याच विद्यापीठातला दुसरा प्रकार उघड झाला. राष्ट्राध्यक्षा पाक ग्युन-हे यांच्या निकटच्या मैत्रिणीच्या मुलीला घोडेस्वारीच्या नावाखाली प्रवेश आणि पुढे गुणही वशिल्याने मिळाले होते. विद्यापीठाच्या अध्यक्षा ऑक्टोबरात पायउतार झाल्या. देशभर लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले आणि मार्च २०१७ मध्ये घटनात्मक न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांना पदावरून दूर केले.

एकाच विद्यापीठातल्या त्याच मुली, एकाच वर्षात. उन्हाळ्यात त्यांचा न्यायाचा आग्रह कष्टकरी स्त्रियांच्या वाटेत उभा राहिला आणि हिवाळ्यात त्याच आग्रहाने सत्ताधीशांच्या गोतावळ्याला हादरा दिला. शब्द एकच होता. त्याचे तोंड कोणाकडे वळले होते, एवढाच फरक. चार वर्षांनी, २०२० मध्ये, इंचॉन विमानतळावरच्या सुमारे १,९०० कंत्राटी सुरक्षा कर्मचाऱ्यांना थेट सेवेत घेण्याची घोषणा झाली. नोकरीच्या परीक्षांची तयारी करणारे तरुण संतापले. आम्ही रात्री जागवून परीक्षा द्यायची आणि यांना परीक्षेवाचून कायम करायचे? विरोधाच्या अर्जावर थोड्याच दिवसांत दोन लाखांहून अधिक सह्या झाल्या. त्या कर्मचाऱ्यांच्या नेमणुकीने या तरुणांच्या हातची एक जागाही जात नव्हती, असे सरकार परोपरीने सांगत होते. पण प्रश्न जागेचा राहिलाच नव्हता.

मी या तरुणांना हसत नाही. ज्या समाजात बाकी सारे दरवाजे पैशाने किंवा ओळखीने उघडतात, तिथे परीक्षा हा एकच दरवाजा उघडपणे विकत घेता येत नाही. गरीब घरातल्या मुलाला तो दरवाजा पवित्र वाटला, तर नवल काय? आपल्याकडे प्रश्नपत्रिका फुटल्याची बातमी येते तेव्हा खेड्यापाड्यांतली मुले जी आक्रंदतात, त्यामागे हीच श्रद्धा असते. तिची टवाळी करणारे बहुधा त्या दरवाजातून फार पूर्वी आत गेलेले असतात. माझ्यासारखे.

चीनबद्दल थोडक्यातच सांगतो. राजदरबारी नोकऱ्यांसाठी परीक्षा घेण्याची तिथली तेराशे वर्षांची प्रथा १९०५ मध्ये संपली. सांस्कृतिक क्रांतीत बंद पडलेली विद्यापीठ प्रवेशपरीक्षा १९७७ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०२४ मध्ये त्या परीक्षेला १ कोटी ३० लाखांहून अधिक मुलांनी नावे नोंदवली. परंतु नामांकित विद्यापीठांतल्या जागा प्रांतवार वाटलेल्या असल्याने, कुटुंबाची नोंद बीजिंगची की दूरच्या एखाद्या प्रांताची, यावर पुष्कळ ठरते. तिथल्या तरुणांत अलीकडे दोन शब्द फिरू लागले. एकाचा अर्थ आतल्या आत गुंडाळत जाणे, दुसऱ्याचा आडवे पडून राहणे. म्हणजे शर्यतीवरचा राग त्यांनी शर्यत बदला अशा मागणीत घातला नाही. जो तो आपापल्यापुरता शर्यतीतून उठला. नागरिक म्हणून एकत्र बोलण्याची सोय नसली, की असंतोषही असा एकेकट्याचा होतो.

आता ढाक्याकडे वळू. बांगलादेशात सरकारी नोकऱ्यांतल्या ३० टक्के जागा १९७१ च्या मुक्तिसंग्रामातील स्वातंत्र्यसैनिकांच्या कुटुंबीयांसाठी, नातवंडांपर्यंत, राखीव होत्या. विद्यार्थ्यांच्या २०१८ मधल्या आंदोलनानंतर वरच्या श्रेणीतील नोकऱ्यांचे आरक्षण सरकारने रद्द केले. जून २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने ते पुन्हा लागू केले. जुलैत विद्यापीठे पेटली. घोषणा होती, "कोटा ना मेधा? मेधा, मेधा!" मेधा हा आपलाही शब्द. ती घोषणा मी प्रथम ऐकली तेव्हा मला एकदम आपल्याकडचे आरक्षणविरोधी मोर्चे आठवले, आणि माझे मत तिथेच बनून गेले. ते घाईचे होते. तिथला राखीव वाटा मागे पडलेल्यांना पुढे आणण्यासाठी नव्हता. सत्तारूढ पक्षाच्या जवळची मानली जाणारी घराणी त्याने तिसऱ्या पिढीतही सांभाळली जात होती, अशी विद्यार्थ्यांची तक्रार होती. तिथे 'मेधा' म्हणणारा मुलगा नागरिकत्वाची मागणी करीत होता. माझ्या आजोबांनी काय केले हे विचारू नका, मी या देशाचा आहे एवढे पुरे समजा, अशी. शेकडो तरुण गोळीबारात मेले. रिक्षावाले विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहिले. ५ ऑगस्टला पंतप्रधान शेख हसीना देश सोडून गेल्या. पोलीस रस्त्यांवरून नाहीसे झाले तेव्हा चौकाचौकांत विद्यार्थी वाहतूक आवरत उभे होते. त्याच महिन्यात फेणी भागात पूर आला, तेव्हा ढाका विद्यापीठाच्या आवारात याच मुलांनी मदतीचे ढीग रचले.

एवढे सांगून मला थांबता आले असते. गोष्ट सुंदर वाटली असती. परंतु २१ जुलैचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बारकाईने पाहावा लागतो. ९३ टक्के जागा गुणवत्तेवर, ५ टक्के स्वातंत्र्यसैनिकांच्या मुलांसाठी, १ टक्का आदिवासी समूहांसाठी, १ टक्का तृतीयपंथी आणि अपंगांसाठी. २०१८ पूर्वीच्या व्यवस्थेत स्त्रियांसाठी १० टक्के जागा होत्या, त्या उरल्या नाहीत. आदिवासींचा वाटा तेव्हा ५ टक्के होता. आंदोलनात विद्यार्थिनी आघाडीवर होत्या, आणि आम्हाला वेगळा वाटा नको असे त्यांच्यापैकी अनेकींनी स्वतःच म्हटले होते. त्यांचा स्वाभिमान मला समजतो. पण चितगावच्या डोंगरातल्या चकमा मुलीला ढाक्याच्या चौकात कोणी विचारले होते का? वरच्या अन्यायाकडे वळलेले गुणवत्तेचे तोंड, वाटेत खाली उभ्या असलेल्यांनाही झटका देऊन गेले.

याच्या उलट दिशेने ब्राझील गेला. २०१२ च्या कायद्याने तिथल्या संघीय विद्यापीठांतल्या निम्म्या जागा सरकारी शाळांत माध्यमिक शिक्षण घेतलेल्या मुलांसाठी ठेवल्या, आणि त्या निम्म्यांत कुटुंबाचे उत्पन्न व त्या राज्यातील वांशिक लोकसंख्येचे प्रमाण यांनुसार वाटणी केली. त्या देशात विद्यापीठे सरकारी आणि विनामूल्य, पण आत शिरणारी मुले बहुतांशी महागड्या खासगी शाळांतली, अशी उलटी रचना होती. कायद्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: तू कोणत्या शाळेच्या बाकावर बसला होतास? आपल्यासारख्या शाळेच्या महोत्सवात हा प्रश्न आठवावा असा आहे. जपानमध्ये तोच प्रश्न एका समाजशास्त्रज्ञ बाईंनी मुलांना तोंडावर विचारला. एप्रिल २०१९ मध्ये टोकियो विद्यापीठाच्या प्रवेशसमारंभात चिझुको उएनो यांनी नव्या विद्यार्थ्यांना सांगितले की, प्रयत्न केला की फळ मिळते असे तुम्हाला वाटते, हीच मुळी तुमच्या परिस्थितीची देणगी आहे. असा प्रयत्न करण्याची उमेदच ज्यांच्यात वाढू दिली गेली नाही, तेही या जगात आहेत. अभिनंदनाच्या दिवशी असे ऐकणे मुलांना आवडले असेलच असे नाही. मला मात्र आपल्याकडच्या दीक्षान्त भाषणांची आठवण होऊन वाईट वाटले.

आणि आपण?

गुजरातेत राहणाऱ्या माझ्या वयाच्या माणसाला १९८१ विसरता येत नाही. अहमदाबादेत वैद्यकीय पदव्युत्तर जागांच्या आरक्षणावरून आंदोलन सुरू झाले आणि राज्यभर पसरले. १९८५ मध्ये इतर मागासवर्गीयांचा वाटा १० वरून २८ टक्क्यांवर नेण्याच्या निर्णयाने त्याहून मोठा वणवा पेटला आणि मुख्यमंत्र्यांना जावे लागले. १९८१ मध्ये मी विद्यार्थी होतो, आणि एका मोर्चात चाललो होतो. माझे त्या आरक्षणाने काही बिघडत नव्हते. मी वैद्यकीचा विद्यार्थीही नव्हतो. फलकावर नाव असलेला मुलगा गुणवत्तेच्या बाजूने चालणार, इतका तो सरळ हिशेब होता.

पुढे ७ ऑगस्ट १९९० ला मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा झाली. तेव्हा मी शिकवत होतो. देशभर ठिकठिकाणी विद्यार्थ्यांनी निषेध म्हणून रस्ते झाडले, बूट पॉलिश केले; काहींनी स्वतःला पेटवून घेतले, त्यांच्या आईबापांचे दुःख कोणत्याही वादापलीकडचे आहे. मी होतो त्या विद्यापीठाच्या फाटकाशीही मुले ब्रश आणि पॉलिशच्या डब्या घेऊन बसली होती. त्यांच्यात माझे आवडते विद्यार्थी होते. फाटकापाशी रोज बसणारा चर्मकार त्या दिवशी आपली पेटी उचलून पलीकडच्या वळणावर जाऊन बसला. त्याला कोणी उठवले नव्हते. त्या मुलांच्या मनात त्याचा अपमान करण्याचा विचारही नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. त्यांना तो दिसलाच नव्हता. आम्हाला हे काम करावे लागेल, एवढेच त्यांना सांगायचे होते, आणि हे काम कोणी तरी रोज करतोच आहे हे त्यांच्या ध्यानी आले नाही. बंधुतेचा अभाव म्हणजे द्वेषच असतो असे नाही, हे मी त्या वळणावर शिकलो.

२०१९ मध्ये आर्थिक दुर्बल घटकांसाठी १० टक्के जागा राखीव झाल्या तेव्हा गुणवत्तेच्या नावाने रस्त्यावर कोणी फारसे उतरले नाही. तो वाटा योग्य की अयोग्य, हा आजचा विषय नाही. पण १९९० मध्ये ज्या घरांतून गुणवत्तेचा गजर झाला, त्याच घरांत २०१९ मध्ये शांतता होती, हे मी आश्चर्याने पाहिले आहे. जानेवारी २०२२ मध्ये वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की खुल्या स्पर्धापरीक्षेतल्या कामगिरीपुरती गुणवत्तेची व्याख्या मर्यादित ठेवता येत नाही. १९८१ मध्ये ज्या प्रश्नावर मी चाललो, त्याचे उत्तर एकेचाळीस वर्षांनी मला असे वाचायला मिळाले.

बडोद्यात उभे राहून या विषयावर बोलताना एका माणसाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्यांच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिकून, संस्थानची सेवा करण्याच्या कराराप्रमाणे, १९१७ मध्ये ते इथे नोकरीवर आले. संस्थानने परदेशी पाठवले, संस्थानने नोकरी दिली. गुणवत्तेची कदर म्हणून जे काही राज्य करू शकते ते झाले होते. शहरात राहायला जागा मात्र मिळाली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. एका हिंदू मित्राने सांगितले, तू माझ्याकडे आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसऱ्या, ख्रिस्ती मित्राने पत्नीला विचारावे लागेल असे म्हटले. मुंबईच्या रात्रीच्या गाडीची वाट पाहत आंबेडकरांनी मधले तास कमाटी बागेत, म्हणजे आपल्या सयाजीबागेत, काढले. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

त्या दोन मित्रांचा मी पुष्कळ विचार केला आहे. जमावाचा विचार करणे सोपे असते, कारण आपण त्यात नसतो. मित्र सुशिक्षित होते, आंबेडकरांची विद्वत्ता जाणत होते. गुणवत्तेचा प्रश्न असता तर त्यांनी त्यांच्याच बाजूने कौल दिला असता. तीस वर्षांनी घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून आंबेडकर काम करीत होते, तेव्हा उद्देशिकेत 'बंधुता' हा शब्द आला. नेहरूंनी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात तो नव्हता. मसुदा समितीने तो घातला. आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात, स्वातंत्र्य आणि समता यांच्यापासून बंधुता तोडून चालणार नाही, हे त्यांनी मुद्दाम बजावले. कायद्याने जागा देता येते आणि तरी जागा मिळत नाही, हे ज्याने या शहरात अनुभवले, त्यानेच हा शब्द आग्रहाने जपावा यात मला योगायोग दिसत नाही.

आता तो अपुरा हिशेब. १९७४ च्या आमच्या वर्गाला दिवाळीनंतर इंग्रजीचे शिक्षक नव्हते. सर दीर्घ आजाराने रजेवर गेले आणि परीक्षेपर्यंत त्यांच्या जागी कोणी आले नाही. वर्गातली निम्मी मुले त्या वर्षी इंग्रजीत नापास झाली. माझ्या घरी आत्या होती. महाविद्यालयात इंग्रजी घेऊन शिकलेली, लवकर वैधव्य आलेली. ती रोज संध्याकाळी दोन तास मला शिकवी. माझा बाकसोबती गणितात माझ्यापेक्षा पुढे होता; मला अडलेली उदाहरणे तोच सोडवून देई. जानेवारीत त्याने एकदाच विचारले, "संध्याकाळी मीही येऊ का तुझ्याकडे?" मी म्हणालो, "आमच्याकडे जागा नाही रे." जागा होती. आत्याला मी विचारलेही नाही. विचारले असते तर ती हो म्हणाली असती, हे मला तेव्हाही ठाऊक होते. तो कोणत्या जातीचा आहे हेही मला ठाऊक होते, आणि माझ्या उत्तराशी त्याचा काही संबंध नव्हता असे मी अनेक वर्षे स्वतःला सांगत आलो. आज तसे छातीठोकपणे सांगता येत नाही. तो इंग्रजीत सहा गुणांनी गेला आणि मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर कामाला लागला. माझे नाव फलकावर लागले. या समारंभाचे निमंत्रण त्याला मी स्वतः नेऊन दिले. तो आला आहे की नाही, इतक्या गर्दीत मला दिसलेले नाही.

माजी विद्यार्थी संघाने या वर्षी चांगला निधी जमवला आहे, आणि त्याच्या व्याजातून दरवर्षी पहिल्या तीन क्रमांकांना भरघोस पारितोषिके द्यावीत असा ठराव पुढे आला आहे. ठराव मांडणारे माझे मित्र आहेत. त्यांच्या मनात शाळेविषयी प्रेमच आहे. परंतु आपली शाळा आता कोणाची आहे, ते एकदा पाहावे. आपण, म्हणजे या सभागृहातले बहुतेक, आपल्या मुलांना इंग्रजी माध्यमात घालून मोकळे झालो. आज इथे येतात ती खानदेशातून कामधंद्यासाठी आलेल्या कुटुंबांची मुले, घरकाम करणाऱ्या बायांच्या मुली. मुख्याध्यापिकाबाई सांगतात, वरच्या वर्गांचे इंग्रजी आणि गणित तात्पुरत्या शिक्षकांवर चालते. ते येतात, शिकवू लागतात, आणि मुदत संपली की जातात. म्हणजे १९७४ ची दिवाळी या शाळेत दरवर्षी येते. अशा वर्गातून जो पहिला येईल त्याला आपण मोठे पारितोषिक देणार. पण त्याच्या घरी एखादी आत्या होती की नाही, हे पाहायचे राहूनच जाईल.

ठरावाविरुद्ध मत देण्याचा अधिकार मला नाही. मी पाहुणा वक्ता आहे. मात्र २००१ पासून माझ्या आत्याच्या नावाने, इंग्रजीत पहिल्या येणाऱ्यासाठी, मी एक पारितोषिक देत आलो आहे. आत्याने ते नाव कशाला लावू दिले असते, कोण जाणे. ते बंद करून त्या रकमेत भर घालून, नववी-दहावीच्या मुलांसाठी शाळेच्या ग्रंथालयात रोज संध्याकाळी सहा ते आठ इंग्रजीचा वर्ग चालवावा, त्यासाठी कायम एक शिक्षक नेमावा, आणि वर्गात बसायला कोणतीही चाचणी ठेवू नये, असे पत्र मी आज सकाळी कार्यवाहांच्या हाती दिले आहे. ग्रंथालयात तीस मुले मावतात असे ते म्हणाले. मुले त्याहून जास्त आली तर हे सभागृह उघडावे, एवढी एकच अट मी पत्रात घातली आहे.